ओठावरचा फोड आणि आपले हात

फेब्रुवारी ते मे हे पेडणे-डिचोलीकडच्या काजूवाल्यांचे दिवस. डोक्यावर ऊन, आणि हात बोंडूंच्या रसात नाहीतर बियांच्या तेलात. या दिवसांत कुणाच्या ओठाच्या कडेला बारीक फोड उठले की "काजूचे तेल लागले असेल" म्हणून विषय संपतो. कधी ते खरेही असते. पण आधी चुणचुण, मग पाणीदार फोडांचा झुबका, मग खपली, आणि पुढल्या तापात किंवा उन्हात पुन्हा त्याच जागी तेच, असे असेल तर दोष काजूचा नव्हे.

हे हर्पिस सिम्प्लेक्स या विषाणूचे काम. बहुतेकांना तो लहानपणी घरच्यांच्या मुक्यांतून मिळतो आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत जन्मभर दडून राहतो. जगातील पन्नाशीच्या आतल्या निम्म्याहून अधिक माणसांत तो आहे. तेव्हा नाव ऐकून नाक मुरडण्याचे कारण नाही. (नागीण वेगळी, ती कांजिण्यांच्या विषाणूची.)

माझी तक्रार लाजेपेक्षा हातांविषयी आहे. फोड दिसला की आपण तो चोळतो, नखाने खपली काढतो. कोणी त्यावर चुना लावतो, कोणी टूथपेस्ट, आणि तोच हात सगळीकडे फिरतो. पहिल्यांदाच फोड आले असतील तेव्हा हा धोका अधिक, कारण शरीराची तयारी झालेली नसते. काजूच्या तेलाने सोललेले किंवा कोयतीने कापलेले बोट म्हणजे विषाणूला उघडे दार. मग नखाच्या कडेला ठणकणारे फोड येतात आणि सगळे म्हणतात, नखुरडे झाले. ते सुईने फोडू नका. त्यात पू नसतो, आणि फोडल्याने जखम चिघळते.

त्याहून वाईट म्हणजे डोळा. फोडाचा हात डोळ्याला लागून, किंवा आतल्या आत मज्जातंतूच्या वाटेने, विषाणू बुबुळावर पोचतो. डोळा लाल होतो, खुपतो, उजेड सोसत नाही, धूसर दिसते. अशा वेळी घरात उरलेले जुने थेंब घालणे हा शुद्ध अविचार. त्यांत स्टेरॉइड असले तर विषाणू फोफावतो आणि बुबुळावर कायमचा डाग राहू शकतो. त्याच दिवशी म्हापशाचे जिल्हा इस्पितळ किंवा बांबोळी गाठावी. एक दिवसाची मजुरी बुडाली तरी चालेल.

ज्यांना इसब आहे, विशेषतः मुलांना, त्यांच्या अंगभर हे फोड पसरू शकतात. तेही दुखणे अंगावर काढू नये.

फोड आलेल्याला वेगळे बसवा, शेतावर नेऊ नका, असे मी म्हणत नाही. साबणाने हात धुवावे, टॉवेल आणि पेला वेगळा ठेवावा, मलम लावल्यावर पुन्हा हात धुवावे, उन्हात टोपी घालावी. असायक्लोव्हिर हे औषध चुणचुण सुरू होताच घेतले तर अधिक उपयोगी. ते डॉक्टरांना विचारून घ्यावे.

राहिला रिवाजाचा प्रश्न. गुड फ्रायडेला क्रूसाचे चुंबन घेण्याऐवजी त्या दिवशी फोडवाल्याने मान लववली तर भक्तीत उणे पडत नाही. बाप्तिस्म्याच्या घरी मात्र मुरवत नको. महिन्याभराच्या आतल्या बाळाला हा विषाणू लागला तर जिवावर बेतते. फोड असलेला पाहुणा पेद्रीन असो वा आजोबा, मुका घेऊ देऊ नये, आणि हे आईला सांगावे लागू नये. घरातल्या वडीलधाऱ्यांनीच दारात सांगून टाकावे.