मामांची बोट

आमच्या लहानपणी भाऊबीजेला मामा आले, की वडील दारातच विचारीत, "काय दर्यासारंग, सापडला का देवमासा?" आणि मग घरातली झाडून सारी मंडळी हसत. मामाही हसत. वहाणा कोपऱ्यात नीट लावून ठेवून ते पाटावर बसत आणि आई ओवाळायला निरांजन लावू लागे.

या थट्टेचे मूळ मामांच्याच भाबडेपणात होते. मामा रत्नागिरीकडचे. १९४४ साली, वयाची अठरा वर्षे जेमतेम भरली असतील तेव्हा, ते आरमारात स्टोकर म्हणून भरती झाले. बॉयलरपाशी राबणारा, काजळीने माखलेला गडी तो स्टोकर. पुढे १९४६ मध्ये काही महिने ते 'मराठा' नावाच्या लढाऊ बोटीवर होते. आता एवढे भारदस्त नाव ऐकल्यावर माणसाने तेवढ्यावर थांबावे की नाही? पण मामांना कोणा गोऱ्या अधिकाऱ्याने सांगितले होते, की ही बोट मुळात देवमासे मारणाऱ्या बोटीच्या बेतावर बांधलेली आहे. ते त्यांनी वडिलांना सरळ सांगून टाकले. झाले! वडिलांच्या लेखी त्या दिवसापासून मेव्हणे मासेमारीच्या होडीवर होते, आणि तेही लढाई आटोपल्यावर.

मीही त्यात मागे नव्हतो. बारा-तेरा वर्षांचा असताना, पाहुण्यांनी भरलेल्या घरात मी विचारले होते, "मामा, तुमच्या बोटीवर बंदूक होती की गळ?" पाहुणे पोट धरधरून हसले. मामांनी चकलीचा तुकडा मोडला, तो तसाच हातात धरला आणि आईला म्हणाले, "ताई, यंदा चकली खुसखुशीत झाली हो." त्यानंतर बोटीचा विषय त्यांनी आमच्या घरी काढला नाही.

परवा दिवाळीच्या झाडलोटीत त्यांचा एक जुना फोटो हाती लागला, आणि आयुष्यात प्रथमच त्या बोटीची चौकशी करावी असे वाटले. वाचकहो, मी चार-पाच दिवस पुस्तकांत डोके घालून बसलो. जे वाचले ते सांगतो.

देवमाशाची शिकार म्हणजे काही गळ टाकून बसणे नव्हे. नॉर्वेच्या स्वेंड फॉइन याने गेल्याच्या गेल्या शतकात तोफेतून उडणारा, टोकाला स्फोटक बांधलेला भाला काढला, आणि तेव्हापासून ही शिकार वाफेच्या बोटींनी होऊ लागली. देवमासा येथे बुडी मारतो आणि भलतीकडेच वर येतो. म्हणून बोट चपळ हवी, जागच्या जागी वळणारी हवी आणि दक्षिण ध्रुवाजवळच्या खवळलेल्या समुद्रात टिकणारी हवी. नाळेवर उंचावर तोफ, डोलकाठीवर टेहळ्यासाठी पिंप, आणि मारलेला मासा कडेला बांधता यावा म्हणून मधला काठ पाण्यालगत ठेंगणा, असा तिचा थाट.

आणि एवढा खटाटोप कशासाठी? चरबीसाठी! देवमाशाच्या तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया केली, की ते घट्ट होते. युरोपात त्याचे साबण होत आणि पावाला लावायचे मार्गारीनही होई. याच युक्तीने तेल घट्ट करून १९३७ साली आपल्याकडे डालडा आला. गृहिणींनी दचकू नये, आपला डालडा वनस्पती तेलाचाच. पण ज्या लिव्हर कंपनीने तो आणला, तिच्याच मालकीची देवमासे मारणारी एक कंपनीही होती, आणि तिच्या बोटींची नावे 'सदर्न'ने सुरू होत. आमच्या घरी ज्या शेवचकल्यांच्या साक्षीने मामांची थट्टा चाले, त्या डालड्यातच तळलेल्या असत. असो.

दुसरे महायुद्ध पेटले, तेव्हा इंग्रजांना जर्मन पाणबुड्यांच्या मागावर धावणाऱ्या बोटी हव्या होत्या, आणि त्याही उद्याच्या उद्या. पाणबुडीही बुडी मारते आणि भलतीकडेच वर येते. तेव्हा या शिकारी बोटी सरसहा लष्करात ओढल्या गेल्या. भाल्याची तोफ काढली, तेथे खरी तोफ आली. मागच्या बाजूला पाण्यात लोटायचे सुरुंग आले. पाण्याखाली आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून पाणबुडी हुडकणारे अॅस्डिक यंत्र बसले. रंग बदलला, निशाण बदलले, आणि मिठाई करणाऱ्या आचाऱ्याने एका रात्रीत पलटणीत नाव घालावे तशी ती बोट लढाईला निघाली.

दक्षिण आफ्रिकेने अशाच चार बोटी भूमध्य समुद्रात धाडल्या. 'सदर्न फ्लो', 'सदर्न मेड', 'सदर्न सी' आणि 'सदर्न आइल्स'. जानेवारी १९४१ मध्ये त्या अलेक्झांड्रियाला पोचल्या. महिनाही धड लोटला नाही तोच, ११ फेब्रुवारीच्या सकाळी 'सदर्न सी' तोब्रुकबाहेर पहाऱ्याची पाळी घ्यायला गेली, तर ठरल्या जागी 'सदर्न फ्लो'चा पत्ता नाही. वाळूचे वादळ घोंघावत होते, बोट कोठे आडोशाला गेली असेल, असे वाटून कोणी फारशी काळजी केली नाही. पुढे एका विनाशिकेला ढलप्यांना धरून तरंगणारा एक माणूस सापडला. साऱ्या बोटीवरून वाचलेला तो एकटा. पहाटेच्या अंधारात स्फोट झाला, आणि तो पाण्याने भरत चाललेल्या बोटीतून चाचपडत बाहेर पडला होता. तो त्या बोटीचा मूळचा माणूसही नव्हता. रिकामी जागा भरायला दुसऱ्या युद्धनौकेवरून तात्पुरता आलेला होता.

तो स्टोकर होता. हे वाक्य वाचल्यावर मी पुस्तक मिटले आणि थोडा वेळ गच्चीत जाऊन उभा राहिलो.

त्याच चारांपैकी 'सदर्न मेड'ने पुढच्या वर्षी, ११ जुलै १९४२ रोजी, 'प्रोटिया' नावाच्या दुसऱ्या तशाच बोटीबरोबर आणि विमानाच्या मदतीने 'ओंदिना' ही इटालियन पाणबुडी बुडवली. म्हणजे गळ नव्हता, हे आता मलाही कळले.

मामांची बोट मात्र रूपांतर केलेली नव्हती, तर त्या घराण्यातली पुढची पिढी होती. त्याचे असे झाले. मिडल्सबरोच्या स्मिथ्स डॉक या कारखान्याने १९३६ मध्ये 'सदर्न प्राइड' नावाची फार सुरेख शिकारी बोट बांधली होती. युद्धाचे ढग जमू लागले, तेव्हा तिथल्या विल्यम रीड या आरेखकाने तीच बोट सुमारे तीस फूट लांबवून नवा आराखडा केला. साधी बोट, जुन्या धर्तीचे वाफेचे एंजिन, एकच पंखा. व्यापारी बोटी बांधणाऱ्या लहानसहान गोद्यांनाही जमेल असे काम. अशा अडीचशेहून अधिक बोटी इंग्लंड-कॅनडात झाल्या. त्यांना 'कॉर्वेट' म्हणत. वेग ताशी सोळा सागरी मैल, म्हणजे पाण्यावर आलेल्या जर्मन पाणबुडीपेक्षाही किंचित कमीच! तरीही अटलांटिकमध्ये धान्य आणि तेल घेऊन येणाऱ्या तांड्यांची राखण बऱ्याच अंशी यांनीच केली. मूळची 'सदर्न प्राइड'ही युद्धात ओढली गेली आणि १९४४ मध्ये पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यापाशी फुटली.

इंग्रजांनी या बोटींना फुलांची नावे दिली, हा त्यांच्या विनोदबुद्धीचा नमुनाच म्हणायचा. त्यांतल्या चार पुढे हिंदी आरमाराकडे आल्या. त्यांची नावे 'आसाम', 'सिंध', 'गोंडवन' आणि 'मराठा' अशी झाली. 'मराठा'चे आधीचे नाव होते 'चारलॉक'. मी कोश पाहिला. चारलॉक म्हणजे शेतात तण म्हणून उगवणारी, पिवळ्या फुलांची रानमोहरी. १९४७ मध्ये ती बोट मोडीत विकली गेली. बरे झाले, हे वडिलांना ठाऊक नव्हते.

एक गोष्ट राहिली. या कॉर्वेट अतोनात डोलत. ओल्या गवतावर ठेवली तरी ही बोट डोलेल, असे इंग्रज खलाशी म्हणत. कपबश्या, ताटे, माणसे, काही म्हणून जागेवर राहत नसे.

आता मामांची जेवायला बसण्याची तऱ्हा सांगतो. उजव्या हाताने जेवायचे आणि डाव्या हाताने ताटाची कड घट्ट धरायची, अगदी कोणी ओढून नेईल अशी. जमिनीवर पाट असो, नाहीतर लग्नाची पंगत असो. आम्ही मुले त्यांच्या पाठीमागे ताट धरून त्यांची नक्कल करीत असू. आई डोळे वटारी, पण तिलाही कारण माहीत नव्हते.

शेवटच्या भाऊबीजेला मामा माझ्याकडे आले तेव्हा ऐंशी ओलांडलेले होते. आई नव्हती, वडीलही नव्हते. दारात त्यांना देवमाशाबद्दल विचारणारे कोणी उरले नव्हते. माझ्या बहिणीने ओवाळले. मग आम्ही टेबलाशी बसलो. मामांनी डाव्या हाताने ताट धरले. माझ्या नातवाने ते पाहिले, आपलेही ताट दोन्ही हातांनी धरले आणि तो खिदळू लागला. मी त्याला दटावले, असे येथे लिहायला मला आवडले असते. पण मीही हसलो, आणि मामाही हसले. मग त्यांनी नातवाला विचारले, "श्रीखंड वाढू का रे तुला?" आणि वाढताना त्याचे ताटही डाव्या हाताने धरून ठेवले.