पंगतीतला भेद

१९७४च्या मे महिन्यात आमच्या चाळीसगाव जंक्शनचा फलाट कधी नव्हे इतका सुना पडला होता. धुळ्याच्या गाडीची वाट पाहून कंटाळलेल्या एका म्हातारीने विचारले, ‘‘हाऊ जॉर्ज कोन शे रे भाऊ?’’ मी तेव्हा शाळकरी. रेल्वेच्या सुमारे १७ लाख कामगारांना संपावर नेणारा पुढारी, एवढेच मला ठाऊक होते.

जॉर्ज फर्नांडिस निघाले होते पाद्री व्हायला. १९४६ साली, सोळाव्या वर्षी, ते बंगळूरच्या सेमिनरीत गेले. तिथे धर्मगुरूंचे मेज उंचावर, ताटही चांगले आणि शिकाऊ मुलांचे जेवण वेगळे. हा पंगतीतला भेद त्यांना सोसवला नाही. १९४९मध्ये ते बाहेर पडले. त्याच वर्षी पोप बारावे पायस यांच्या कारकिर्दीत कम्युनिस्टांना बहिष्कृत करणारा हुकूम निघाला. १८९१मध्ये तेराव्या लिओंनी मजुराला न्याय्य मजुरी मागितली होती खरी, पण समाजवाद मात्र नाकारला होता.

आम्हा खानदेशी माणसांना हा पेच उमगतच नाही. अमळनेरचे साने गुरुजी समाजवादी, पण १९४७ साली उपोषणाला बसले ते पंढरीच्या विठोबाचे दार अस्पृश्यांना उघडावे म्हणून!

जॉर्ज यांनी चर्च सोडले, पण ती पंगत त्यांच्या डोक्यातून गेली नाही, असे मला वाटते. १९६८ साली त्यांनी बॉम्बे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक काढली. मी नोकरीभर तारण तपासत बसलो. कष्टकऱ्याची पत मानणे हे मला ख्रिस्ताच्या शिकवणीतलेच वाटते. (हे शेऱ्यात लिहिले असते तर माझी बदली ठरलेली!)

पण पुढचेही बोलायला हवे. जानेवारी १९९९मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले जाळली गेली, तेव्हा जॉर्ज केंद्रात मंत्री होते. २००२च्या गुजरातनंतरही त्यांनी सरकार सोडले नाही. ताटातला फरक पाहून उठलेला माणूस या मेजावरून उठला नाही. ही गोष्ट त्यांच्या चाहत्यांनाच अधिक लागली. मलाही लागली.

वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो चर्चमध्येच राहिले आणि धर्मगुरू असतानाच ‘हरित वसई’च्या लढ्यात बिल्डरांसमोर उभे ठाकले. २०२४ साली ते गेले. दोघांत खरा समाजवादी कोण, यावर आमच्या घरी जेवताना वाद होतो. मुलगा जॉर्जच्या बाजूचा, मी फादरांच्या.

जॉर्ज २९ जानेवारी २०१९ रोजी दिल्लीत वारले. त्यांना आधी अग्नी दिला गेला, मग अस्थी ख्रिस्ती दफनभूमीत पुरल्या गेल्या.