मूळ विचारू नये?

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये, असं आपले वाडवडील सांगून गेले. ही म्हण प्रथम कुणाच्या तोंडून निघाली कोण जाणे (म्हणीचंही मूळ विचारू नये!), पण मला दाट संशय आहे की तो गृहस्थ जुन्या चित्रांचा व्यापारी असावा. वास्तविक नदीचं मूळ विचारण्यात गैर ते काय? आमच्या परभणी जिल्ह्यातून गोदावरी वाहते. गंगाखेडला आम्ही तिला सरळ गंगा म्हणतो. तिचं मूळ त्र्यंबकेश्वरला आहे हे चौथीतलं पोरगंही सांगतं, आणि गोदावरीने त्याबद्दल कुणावर राग धरल्याचं ऐकिवात नाही. राग येतो तो चित्रं विकणाऱ्याला. "हे तुमच्याकडे आलं कुठून हो?" एवढंच विचारा. पलीकडचा मधाळ आवाज एकदम सरकारी होतो.

चित्रं म्हणजे रविवर्मा वगैरे नव्हेत बरं का. ते आपल्यासारख्यांनी कॅलेंडरवरच बघावेत. मी बोलतोय ते दिवाळी अंकांतली व्यंगचित्रं, त्यांची मुखपृष्ठं, कॉमिक्सची पानं यांच्याबद्दल. 'आवाज'च्या खिडक्या वडीलधाऱ्यांची नजर चुकवून उघडणारी आणि वेताळाचं इंद्रजाल कॉमिक्स भूगोलाच्या पुस्तकात दडवणारी पिढी आता निवृत्त झाली आहे. हातात थोडे पैसे आहेत, भिंती मोकळ्या आहेत आणि दुपारी झोप येत नाही. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की माणसाला मूळ चित्र घ्यावंसं वाटतं. मूळ चित्र म्हणजे छापलेलं नव्हे, तर ज्या कागदावर चित्रकाराचा कुंचला प्रत्यक्ष फिरला तो कागद. हौस चांगलीच आहे. माझं भांडण हौसेशी नाही. "माणूस विश्वासू आहे" या तीन शब्दांशी आहे.

आमच्या कॉलनीतल्या काकांचंच बघा. काका कृषी खात्यातून निवृत्त झाले. जिंतूर, सेलू, पाथरी, मानवत अशी तालुक्यातालुक्यांची धूळ खात त्यांनी सगळी हयात शेतकऱ्यांना एकच गोष्ट सांगण्यात घालवली. "बाबांनो, बियाणं घेतलं की पक्कं बिल घ्या. पिशवी खालून फोडा, वरचा टॅग जपून ठेवा आणि मूठभर बी बाजूला काढा. उगवलं नाही तर दाद मागायला हाती काहीतरी पाहिजे." २०२०च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून मराठवाड्यात तक्रारींचा पाऊस पडला, तेव्हा निवृत्त काका ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची उलटतपासणी घेत होते. "बिल आहे का? नाही ना? मग बसा आता!"

तर हेच काका गेल्या वर्षी एका दुपारी एका अनोळखी माणसाला फोनवरून अठरा हजार रुपये पाठवून मोकळे झाले. बिल नाही, टॅग नाही, मूठभर बीसुद्धा नाही.

आठ दिवसांनी चित्र आलं. एका नामवंत व्यंगचित्रकाराचं, साठ सालच्या सुमाराचं, करड्या छटांचं, काचेच्या चौकटीत बसवलेलं. काकांनी मला बोलावलं. काकूंनी चहा दिला आणि चित्राकडे पाठ करून बसल्या, म्हणजे किंमत त्यांना कळली होती. मी म्हटलं, "काका, चौकट उघडून जरा मागची बाजू बघू या."

"छे छे! उघडायची नाही. त्याने बजावून सांगितलंय. हवा लागली की शाई उडते."

आता परभणीच्या मे महिन्यात काय काय उडतं हे मला माहीत आहे, पण चित्रकारांची काळी शाई ही जगातल्या अत्यंत चिवट शायांपैकी एक आहे. शतकानुशतकं टिकते. हवेला भिऊन उडणारी शाई ही त्या व्यापाऱ्याचीच रचना असावी. शेवटी स्टेशन रोडवरच्या घड्याळजीकडे गेलो. त्याने डोळ्याला भिंग लावलं, चित्राच्या करड्या भागावर वाकला आणि म्हणाला, "साहेब, हे तर छापेल दिसायलंय. सगळे ठिपकेच ठिपके."

बरोबरच होतं त्याचं. कुंचल्याने दिलेली करडी छटा ओल्या डागासारखी पसरते, कुठे दाट कुठे फिकी. छपाईतली करडी छटा म्हणजे काळ्या ठिपक्यांची जत्रा. नुसत्या रेघांचं चित्र असतं तर मात्र भिंगाने भागलं नसतं, कारण रेघांच्या ब्लॉकच्या छपाईत ठिपके नसतात. तिथे कागद उलटाच करावा लागतो. जुन्या मूळ चित्राला त्याचा प्रवास चिकटलेला असतो. रेघांखाली पुसलेल्या पेन्सिलीच्या खुणा असतात. जिथे हात चुकला तिथे पांढऱ्या रंगाचं लिंपण असतं. संवादाचा कागद वेगळा लिहून चिकटवलेला असतो आणि डिंक पिवळा पडलेला असतो. समासात ब्लॉकमेकरसाठी मापं लिहिलेली असतात, कारण चित्र बहुधा मोठं काढायचं आणि छापताना लहान करायचं ही रीत होती. पाठीवर कधी कचेरीचा शिक्का असतो. मूळ चित्र हे छापील चित्रापेक्षा नेहमीच जरा गबाळं दिसतं. एकही डाग नसलेलं, रंगीबेरंगी, मराठी संवाद असलेलं वेताळाचं "मूळ पान" कुणी दाखवलं, तर त्याला नमस्कार करून चहा पाजावा आणि पाठवून द्यावं. वेताळाच्या अमेरिकेतल्या दैनिक पट्ट्या काळ्या शाईत, इंग्रजी संवादांनिशी काढल्या जात. मराठी त्यांच्यावर फार नंतर चढलं.

काकांनी व्यापाऱ्याला फोन लावला. तो शांत होता. म्हणाला, "सर, मी काय लिहिलं होतं ते जरा वाचून बघा ना." वाचून बघितलं. लिहिलं होतं, 'मूळ दिवाळी अंकातले चित्र'. शब्द न् शब्द खरा! 'मूळ' हे विशेषण अंकाला लागलं होतं, चित्राला नव्हे. काका अठरा हजारांचं व्याकरण शिकले.

इथवर ठीक होतं. माणूस आहे, फसतो. पण महिन्याभराने काका काय म्हणाले ऐका. "माणूस तसा वाईट नव्हता रे. बोलायला किती गोड! आणि पार्सल काय बांधलं होतं, वा! वीस वर्षं धंद्यात आहे म्हणे." इथे माझं डोकं फिरलं. आणि हे काही एकट्या काकांचं नाही. हौशी मंडळींत बसा, विश्वासूपणाची साक्ष याच तीन मुद्द्यांवर निघते. अहो, पार्सल वेळेवर येणं हा कुरिअरवाल्याचा गुण. पुठ्ठा कडक असणं हा पुठ्ठ्याचा गुण. आणि वीस वर्षं धंद्यात टिकणं हा बऱ्याच अंशी गिऱ्हाइकांचा गुण! बैलबाजारात बैल घेताना मालकाच्या गोड बोलण्यावर कुणी पैसे मोजत नाही. तोंड उघडून दात बघतात, चालवून बघतात, चार माणसांना विचारतात. भाव मात्र रुमालाखाली बोटं दाबून ठरतो. चित्रांच्या बाजाराने यातला नेमका रुमाल तेवढा उचलला. "किंमत फोनवर विचारा" याचा दुसरा अर्थ मला तरी लावता येत नाही.

कुणी म्हणेल, जाणकाराला विचारावं. जरूर विचारावं. पण २०११ साली कोलकात्याच्या सरकारी कला महाविद्यालयात रवींद्रनाथ टागोरांची म्हणून वीस चित्रं प्रदर्शनात लागली आणि मागाहून पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनी ती त्यांची नसल्याचा निर्वाळा दिला. जिथे जाणकारांच्या घरातच असं होतं, तिथे आमच्या घड्याळजीवर किती भार टाकायचा?

माझं म्हणणं साधं आहे. काकांनी शेतकऱ्यांना सांगितलं तेच स्वतः करावं. व्यापारी तोंडाने जे सांगतो ते बिलावर लिहून मागावं. कुणी काढलं, कशाने काढलं, कुठे आणि कधी छापून आलं, खोटं निघालं तर पैसे किती दिवसांत परत. त्यावर सही आणि पत्ता. जो लिहून देतो तो विश्वासू. "आमच्यात असं लिहून देत नाहीत, सर, हा धंदा विश्वासावर चालतो," असं म्हणतो, त्याचा विश्वास फक्त आपल्याकडून येणार असतो.

आणि एक प्रश्न याहून महत्त्वाचा. तो विचारायला आपल्याला लाज वाटते, म्हणून तो मुद्दाम विचारावा. हे चित्र चित्रकाराच्या घरातून बाहेर कसं पडलं? त्याने विकलं, भेट दिलं, की ते नुसतंच परत गेलं नाही? जुन्या काळी चित्र छापलं, मानधनाची मनीऑर्डर केली की व्यवहार संपला. मूळ कागद बऱ्याचदा कचेरीच्या कपाटात नाहीतर ब्लॉकमेकरच्या फळीवर पडून राही. कपाटं रिकामी झाली तेव्हा तो रद्दीत गेला. रद्दीतून उठला तो चौकटीत बसून किंमत लावून आला. मधल्या मध्ये चित्रकाराला काय मिळालं? मनीऑर्डर, तीही तेव्हाची.

हे आपल्याकडेच झालं असंही नाही. अमेरिकेत जॅक कर्बी नावाचा चित्रकार होऊन गेला. हल्क आणि फँटास्टिक फोर ही त्याच्या हातची मंडळी. त्याने मार्व्हल कंपनीसाठी हजारो पानं काढली आणि उतारवयात आपली पानं परत मागितली, तर कंपनीने इतरांपेक्षा लांबलचक करारपत्र त्याच्यापुढे सहीला टाकलं. बऱ्याच भांडणानंतर १९८७ साली त्याला दोन हजारांच्या आसपास पानं मिळाली. बाकीच्यांतली कितीतरी तोवर बाजारात फिरत होती, आणि घेणारे एकमेकांना सांगत असतील, "माणूस विश्वासू आहे!" २०२१ साली पॅरिसच्या लिलावात टिनटिनच्या एका मुखपृष्ठाचं मूळ चित्र सुमारे ३२ लाख युरोंना गेलं. ते प्रकाशकाच्या घरात घड्या घालून खणात ठेवलेलं होतं. चित्रकार एर्जे याने प्रकाशकाच्या लहान मुलाला ते भेट दिलं होतं, अशी हकिकत सांगितली गेली. ती सगळ्या जाणकारांना काही पटली नाही. बघा, ३२ लाख युरो मोजणाऱ्यालाही शेवटी एक गोष्टच मिळते. आपल्याला निदान ती अठरा हजारांत लेखी मिळावी.

आपल्या कायद्याने या बाबतीत एक शहाणपणा केला आहे, आणि तो व्यापाऱ्यांनी आपल्यापासून नीट झाकून ठेवला आहे. १९९४ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन ५३ अ हे कलम आलं. मूळ चित्र दहा हजार रुपयांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर चित्रकाराला, आणि तो हयात नसल्यास त्याच्या वारसांना, त्या किमतीत वाटा मागता येतो. वाटा जास्तीत जास्त दहा टक्के, आणि चित्राचे हक्क मुळात चित्रकाराचे असले पाहिजेत ही अट. म्हणजे काकांचं चित्र खरं असतं, तर त्या अठरा हजारांतले अठराशेपर्यंत कुठल्यातरी घरातल्या म्हाताऱ्या बाईंना मागता आले असते. मी हे कलम एका विक्रेत्याला सांगितलं. तो म्हणाला, "सर, तुम्ही वकील आहात का?" आणि मला यादीतून काढून टाकलं.

व्यापाऱ्यांची बाजूही सांगायला हवी, कारण ती खोटी नाही. हे लोक नसते तर यातला निम्मा कागद भज्यांखाली गेला असता. ज्या संपादकांनी, वाचनालयांनी आणि आपण सुशिक्षितांनी तो जपायचा, त्यांनी तो किलोवर घातला. रद्दीच्या गठ्ठ्यात बसून, नाकातोंडात धूळ घेऊन ज्याने तो ओळखला त्याचे उपकार आहेत, आणि त्याने नफा घ्यावा, भरपूर घ्यावा. फक्त उपकाराची पावती असते तशी विक्रीचीही असावी. भाजीवाल्याला चिठ्ठी मागणारे आपण, चित्रवाल्यापुढे एवढे भिडस्त का होतो?

'बनी तो बनी, नहीं तो परभणी' या म्हणीला जागून काकांनी हौस काही सोडली नाही. पण हल्ली ते फोन लावला की जुन्या कृषी अधिकाऱ्याच्या आवाजात आधी बिलाचं विचारतात. आतापर्यंत पाच जणांना विचारून झालं. तिघांनी त्यांचे फोन घेणं बंद केलं. चौथ्याने कलेवर अर्धा तास भाषण दिलं. पाचव्याने मात्र काही न बोलता बिलाचा नमुना पाठवला. त्यात चित्राचं माप होतं, छापून आल्याचा अंक आणि साल होतं, चित्रकाराच्या मुलीकडून घेतल्याचं लिहिलं होतं आणि तिच्या पत्राची प्रत जोडलेली होती. किंमत मात्र छत्तीस हजार.

"बिलाचेच अठरा हजार लावले रे याने," असं म्हणत काका सध्या घासाघीस करताहेत. काकूंना अजून आकडा कळलेला नाही.