पुडीवर न छापलेला इशारा

तंबाखूची पुडी पाहून भारतीय पुरुषाला फार तर कर्करोग आठवतो. पितृत्व आठवत नाही. 2016 पासून वेष्टनाचा 85 टक्के भाग इशाऱ्याने व्यापला, तरी त्याचा रोख मुख्यतः कर्करोग आणि मृत्यू यांवरच राहिला. मूल न होण्याचा दोष मात्र आजही आधी स्त्रीच्या पदरात पडतो. नवस, उपास, तपासण्या आणि टोमणे तिच्या वाट्याला. पुरुषाच्या वीर्याची साधी तपासणी सर्वांत शेवटी.

2016-17 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशातील 42.4 टक्के प्रौढ पुरुष तंबाखू वापरत होते. त्यांत खैनी, गुटखा, जर्दा अशा धूरविरहित प्रकारांचा वाटा मोठा होता. ‘धूर नाही, म्हणजे धोका नाही’ हा समज येथेच घातक ठरतो. तोंडाच्या आतील अस्तरातून निकोटिन थेट रक्तात शिरते आणि त्यापासून बनणारे कोटिनिन वीर्यातही सापडते. 2016 साली 20 अभ्यासांतील 5,865 पुरुषांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण झाले. धूम्रपान करणाऱ्यांत शुक्राणूंची संख्या आणि हालचाल दोन्ही कमी आढळली. तंबाखू चघळणाऱ्या भारतीय पुरुषांच्या अभ्यासातही सवय जितकी तीव्र, तितकी वीर्याची गुणवत्ता खालावलेली दिसली.

येथे शास्त्रीय सावधगिरी हवी. तंबाखूत कॅडमियम, नायट्रोसामाइन यांसारखी इतर विषेही असतात. त्यामुळे माणसांतील सारी हानी एकट्या निकोटिनच्या माथी मारता येत नाही. परंतु उंदरांना केवळ निकोटिन दिल्यावरही टेस्टोस्टेरॉन आणि शुक्राणू घटल्याचे प्रयोगांत दिसले आहे. ‘अमुक रोज विडी ओढतो, त्याला चार मुले आहेत’ हा युक्तिवादही टिकत नाही. सरासरीतील घट एका अपवादाने खोटी ठरत नाही.

दिलासा एवढाच, की शुक्राणू सतत नव्याने घडतात. निर्मितीपासून पक्व होऊन बाहेर पडेपर्यंत त्यांना सुमारे तीन महिने लागतात. म्हणून व्यसन सोडल्यावर सुधारणेला वाव असतो. हमी नसली, तरी संधी निश्चित असते.

ही संधी वाया जाऊ द्यायची नसेल, तर वंध्यत्वाच्या उपचारांत पहिल्याच भेटीत पुरुषाची तपासणी व्हावी आणि ‘तंबाखू खाता का?’ हा प्रश्न त्याला विचारला जावा. हाच इशारा पुडीवरही छापला जावा. कर्करोगाचे भय विशीतल्या तरुणाला दूरचे वाटते. घरातील रिकामा पाळणा तितका दूर नसतो.