कुत्रा कुठे आहे?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सुतळी बॉम्बचे धमाके सुरू झाले, की तासाभरात सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एखादा फोटो फिरू लागतो. लॅब्रॅडॉर, वय चार वर्षे, लाल पट्टा, शेवटचा अमुक चौकात दिसला. घरातली माणसे रात्रभर स्कूटरवर हिंडतात. दोन दिवसांनी सरकारी रुग्णालयातल्या श्वानदंशाच्या रांगेत भलतेच कोणी उभे असते. मुलाचा हात धरलेली एक आई. केसपेपर भरताना तिला तीन प्रश्न विचारले जातात. कुत्रा पाळीव होता की भटका? त्याला लस दिलेली होती का? आणि आता तो कुठे आहे? पहिल्याचे उत्तर ‘गळ्यात पट्टा होता’ एवढेच मिळते. दुसऱ्याचे ‘काय माहीत’. तिसऱ्या प्रश्नावर ती नुसती पाहत राहते.

पाळीव कुत्र्याच्या गळ्यात बांधायचे जीपीएस यंत्र हा हौशी लोकांचा विषय समजला जातो, आणि बाजारही तो तसाच विकतो. कुत्र्याच्या वाढदिवसाचा केक, स्वेटर, त्याच रांगेत हे यंत्र. पण केसपेपरवरचा तो तिसरा प्रश्न लक्षात घेतला, तर यंत्र घ्यावे की नाही आणि कोणते घ्यावे, याला आरोग्याची एक बाजू आहे हे कळते.

रेबीजचा विषाणू कुत्र्याच्या लाळेत रोगाची लक्षणे दिसण्याच्या थोडे दिवस आधीपासून येतो. लक्षणे सुरू झाल्यावर कुत्रा साधारण दहा दिवसांत मरतो. म्हणूनच चावलेला कुत्रा किंवा मांजर दहा दिवस नजरेखाली ठेवायला सांगतात. दहा दिवसांनंतरही तो ठणठणीत असेल, तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असे खात्रीने म्हणता येते आणि पुढच्या डोसांचे काय करायचे ते डॉक्टर ठरवू शकतात. याचा उलटा अर्थ काढून अनेक जण ‘दहा दिवस वाट बघू, मग इंजेक्शनचे पाहू’ असे करतात. ते जिवावर बेतणारे आहे. जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची, कुत्रा समोर बांधलेला असला तरी. पोटातली चौदा इंजेक्शने केव्हाच बंद झाली. आता त्वचेत द्यायची लस पहिल्या दिवशी आणि त्यानंतर तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी दिली जाते. रक्त आलेल्या जखमेत त्याबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही भरावे लागते. जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी एक तृतीयांशाहून अधिक भारतात होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. लक्षणे सुरू झालेला माणूस जवळपास कधीच वाचत नाही. अशा रोगात ‘कुत्रा कुठे आहे’ या प्रश्नाला उत्तर असणे ही लहान गोष्ट नव्हे.

आता यंत्राकडे. दुकानात आणि ऑनलाइन ‘ट्रॅकर’ या एकाच नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पहिली मायक्रोचिप. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप पशुवैद्यक सुईने कुत्र्याच्या मानेजवळ कातडीखाली सोडतात. तिला बॅटरी नसते. वाचनयंत्र अगदी जवळ नेले की तिच्यातला पंधरा आकडी क्रमांक दिसतो. कुत्रा कुठे आहे हे ती कधीच सांगत नाही, तो सापडल्यावर कोणाचा आहे एवढे सांगते. तेही क्रमांक आणि मालकाचा फोन कुठेतरी नोंदवलेला असेल तरच. ‘चिप बसवली, आता हरवायची भीती नाही’ असे म्हणणाऱ्या मालकाला दुकानदाराने अर्धवट सांगितलेले असते.

दुसरी वस्तू ब्लूटूथची चकती. ॲपलचा एअरटॅग २०२१ मध्ये आला, गुगलचे अँड्रॉइड फोनचे तसेच जाळे २०२४ मध्ये सुरू झाले. चकतीत उपग्रहाशी जोडणारे काही नसते. जवळून जाणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या फोनने तिचा संकेत टिपला, तर त्या फोनचे ठिकाण मालकाला कळते. पुण्यातल्या लक्ष्मी रोडवर ही युक्ती चालेल. पण घाबरलेला कुत्रा गर्दीत थांबत नाही. तो टेकडीवर, नाल्यात, रेल्वेच्या कडेने पळतो आणि तिथे फोन खिशात घेऊन कोणी फिरत नसते. एअरटॅग वस्तूंसाठी आहे, माणसे किंवा पाळीव प्राण्यांसाठी नाही, असे खुद्द ॲपलच सांगते. शिवाय चकतीत नाण्यासारखी गोल बॅटरी असते. कुत्र्याने पट्टा चावून ती बाहेर काढली आणि रांगत्या बाळाने तोंडात घातली, तर अन्ननलिकेत अडकलेली ती बॅटरी दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी जखम करू शकते. लहान मूल असलेल्या घराने ही चकती घेताना दहा वेळा विचार करावा. घेतलीच, तर झाकण स्क्रूचे आहे का ते पाहावे.

तिसरी वस्तू खरे जीपीएस यंत्र. त्यातला ग्राहक सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांचे संकेत ऐकतो आणि किमान चार उपग्रहांच्या संकेतांना लागलेल्या वेळेवरून आपली जागा काढतो. हिशोब इतका नाजूक असतो, की वेळेत सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतर तीनशे मीटरने चुकते. मोकळ्या मैदानात चूक सहसा काही मीटरांचीच असते. उंच इमारतींच्या मधल्या बोळात मात्र संकेत भिंतींवर आपटून येतो आणि नकाशावर कुत्रा शेजारच्या सोसायटीत दिसतो. पार्किंगच्या तळघरात तर तो दिसतच नाही. अशा वेळी मालक यंत्राला शिव्या देतात. यंत्राचा दोष त्यात फारसा नसतो.

इथे एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. उपग्रह कुत्र्याला ‘पाहत’ नाही. जागा कळते ती पट्ट्यातल्या यंत्राला, मालकाला नाही. ती मालकाच्या फोनपर्यंत पोहोचवायला यंत्रात सिम लागते आणि मोबाइलचे जाळे लागते. म्हणून यंत्र निवडताना ‘उपग्रह किती’ यापेक्षा ‘सिम कोणते’ हा प्रश्न महत्त्वाचा. काही स्वस्त यंत्रे फक्त टूजीवर चालतात. जिओचे टूजी जाळेच नाही, त्यामुळे जिओचे सिम घालून बसलेला माणूस फसतो. परदेशातल्या नातेवाइकाने आणलेल्या यंत्रातले सिम इथे चालेलच असे नाही आणि त्याची वर्गणी डॉलरमध्ये भरावी लागते ती वेगळीच. कोकणातल्या एखाद्या वाडीत किंवा घाटमाथ्याच्या गावात राहणाऱ्याने तर आधी घराभोवतीच्या दोन-तीन किलोमीटरमध्ये कोणत्या कंपनीची रेंज धड मिळते ते आपल्या फोनवर हिंडून पाहावे आणि मगच पैसे मोजावेत.

बॅटरीबद्दल खोक्यावर छापलेले दिवस सावधपणे वाचावेत. ते बहुतेक घरात, वायफायच्या कक्षेत झोपलेल्या कुत्र्याचे असतात. कुत्रा हरवल्यावर मालक दर काही सेकंदांनी जागा दाखवणारी सोय सुरू करतो आणि तिथे बॅटरी भराभर संपते. म्हणजे ज्या रात्री गरज असते, त्या रात्री ती सर्वांत कमी टिकते. दिवाळी, ३१ डिसेंबर, गणपती विसर्जन आणि गावची जत्रा, या दिवशी यंत्र दुपारीच चार्ज केलेले हवे. आणि विकत घेतल्याच्या आठवड्यात एकदा खोटा सराव करावा. घरातल्या एकाने कुत्र्याला साखळीने धरून दोन गल्ल्या पलीकडे न्यावे, दुसऱ्याने फोन पाहत शोधावे. नकाशावरचा ठिपका किती उशिरा सरकतो, हे त्या दहा मिनिटांत जेवढे कळते तेवढे माहितीपत्रकातून कळत नाही. घराभोवती आखलेली हद्द ओलांडली की सूचना येते खरी, पण ती ठिपक्याच्याच वेगाने येते. दोन-चार मिनिटांत बिथरलेला कुत्रा किलोमीटरभर सहज जातो.

यंत्र पाण्यात टिकणारे हवे हे सांगायला नको. आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. वजन मात्र तोलून पाहावे. तीस-चाळीस ग्रॅमचे यंत्र लॅब्रॅडॉरला जाणवत नाही, तीन किलोच्या पॉमेरेनियनची मान त्याने दिवसभर ओढली जाते.

पावसाळ्यात पट्ट्याखालची कातडी हा वेगळाच विषय आहे आणि विक्रेते त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. २०२३ च्या पावसाळ्यात मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानात आफ्रिकेतून आणलेल्या काही चित्त्यांच्या रेडिओ कॉलरखाली जखमा आणि जंतुसंसर्ग आढळला आणि अनेक चित्त्यांच्या कॉलर उतरवून त्यांची तपासणी करावी लागली. तिथे तज्ज्ञांचे पथक होते. घरातल्या कुत्र्याच्या दाट केसांखाली काय चालले आहे, हे महिनोन्‌महिने कोणी पाहत नाही. ओला पट्टा, घाम न येणारी पण दमट राहणारी कातडी, खाजवून झालेला ओरखडा, त्यावर माशी. बाकीचे काम अळ्या करतात. गोचीडही पट्ट्याखाली आनंदाने राहतात आणि गोचीड तापाने कुत्री दगावतात. पट्ट्याखाली दोन बोटे सरकली पाहिजेत, रात्री घरात तो काढून ठेवला पाहिजे आणि भिजला तर वाळवूनच पुन्हा घातला पाहिजे. चार्जिंगचा वेळ त्यासाठी सोयीचा असतो.

महागड्या यंत्रांत आता कुत्र्याची झोप, पावले, खाजवणे, श्वासाचा वेग असे सगळे मोजल्याचा दावा असतो. रोज पाच हजार पावले चालणारा कुत्रा आठवडाभर पाचशेवर आला, तर पशुवैद्यकाकडे जायला ते निमित्त पुरेसे आहे. त्यापलीकडे त्या आलेखांवरून निदान करू नये. जेवण सोडलेला कुत्रा ॲपमध्ये हिरवा दिसतो म्हणून दोन दिवस घरी ठेवणे हा शुद्ध मूर्खपणा आहे. फिरण्याच्या नोंदीचा एक उपयोग मात्र फारसा कोणी करत नाही. पावसाळ्यात कुत्रा सुटून कोणत्या तुंबलेल्या पाण्यातून, कोणत्या उकिरड्यावरून आला हे तीत दिसते. लेप्टोस्पायरोसिस कुत्र्यांनाही होतो, त्यांच्या लघवीतून तो घरात येऊ शकतो आणि त्याविरुद्धची कुत्र्यांची लस उपलब्ध आहे.

हे सारे खर्चाचे काम आहे. यंत्राला काही हजार रुपये, वर सिमची वर्गणी. ज्याला ते परवडत नाही त्याने अपराधी वाटून घेऊ नये, पण क्रम चुकवू नये. आधी रेबीजची लस. पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर पहिली आणि पुढे पशुवैद्यक सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी. मग पट्ट्यावर मालकाचा फोन नंबर कोरलेला पितळी बिल्ला. तो कोणत्याही भांड्यांवर नावे घालणाऱ्याकडून करून मिळतो, त्याला रेंज लागत नाही, त्याची बॅटरी उतरत नाही. मग चिप. आणि त्यानंतर जीपीएस. लस न दिलेल्या कुत्र्याच्या गळ्यात पंधरा हजारांचे यंत्र पाहिले, की मालकाच्या हिशोबाची कीव येते.

मालकांनी सगळे केले तरी अर्धी साखळी सरकारी बाजूला तुटलेली राहते. मुंबई-पुण्यासह अनेक महापालिकांत पाळीव कुत्र्याचा परवाना बंधनकारक आहे, पण परवाना न काढणारेच पुष्कळ. इंग्लंडमध्ये एप्रिल २०१६ पासून कुत्र्याला चिप बसवून मालकाची नोंद करणे कायद्याने सक्तीचे आहे. आपल्याकडे परवाना, लसीचे प्रमाणपत्र आणि चिपचा क्रमांक हे तीनही एकाच नोंदीत आणायला काही अवघड तंत्रज्ञान लागत नाही. कुत्री पकडणाऱ्या प्रत्येक गाडीत एक वाचनयंत्र आणि रुग्णालयाच्या श्वानदंश कक्षाला ती नोंद पाहण्याची सोय, एवढे झाले तरी केसपेपरवरच्या तीनपैकी दोन प्रश्नांची उत्तरे मिळू लागतील.

याची निकड वाढली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशानुसार पकडलेली भटकी कुत्री निर्बीजीकरण आणि लसीकरण करून त्याच भागात सोडायची आहेत, मात्र रेबीजग्रस्त, रेबीजचा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री सोडायची नाहीत. फटाक्यांनी बिथरून घरापासून पाच किलोमीटरवर पोहोचलेले, दोन दिवस उपाशी असलेले घरचे कुत्रे जाळ्यात सापडले तर शेपूट हलवणार नाही, दात दाखवील. पळताना पट्टा तुटून पडलेला असेल, तर ते कोणाचे आहे हे गाडीवरच्या माणसाने कशावरून ओळखावे?

रांगेतल्या त्या आईने मुलाला पहिल्या दिवशीचे इंजेक्शन दिले. तिला तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवसाच्या तारखा केसपेपरवर लिहून मिळाल्या. ‘चावलेला प्राणी’ या रकान्यात लिहिले गेले : कुत्रा, लाल पट्टा, ठावठिकाणा अज्ञात.