हदगाव खरंच स्वस्त?

पोस्टातल्या कारकुनाचं मूळ वेतन ४०,००० धरा. जानेवारी २०२४पासून केंद्राचा घरभाडे भत्ता पुण्यात ३० टक्के, म्हणजे १२,०००. नांदेडला २० टक्के, ८,०००. नांदेड जिल्ह्यातल्याच हदगावला १० टक्के, ४,०००. भाड्यापुरता हा हिशेब बरोबर आहे. पण लेक नीटच्या तयारीला लातूरला, आईची तपासणी नांदेडला, म्हणजे हदगावकराचं अर्धं बिऱ्हाड परगावीच. क्लासची फी, खोली, मेस, गाडीभाडं या टक्क्यांत कुठे मोजलंय? बदलीचा अर्ज भरताना आधी मुलांची इयत्ता बघा. पोरं दहावीच्या आत असतील तर हदगाव परवडतं. पुढे फारसं नाही.