तेलपाम: बाग मोडण्यापूर्वी रोपाचे कुळ विचारा



आंध्र प्रदेशातील गोदावरीकाठच्या जिल्ह्यांत १९९० नंतर तेलपामाच्या बागा मोठ्या प्रमाणावर उभ्या राहिल्या. त्यांतील जुन्या बागा आता पंचवीस-तीस वर्षांच्या झाल्या. झाड फार उंच गेले की घड काढणे अवघड होते, मजुरी वाढते, उत्पन्न घटते. मग बाग मोडून नवी लावावी लागते. आंध्र-तेलंगणात ज्यांची शेती वा सोयरीक आहे, त्या वाचकांनी ही माहिती जपून ठेवावी.

झाडाखाली गळालेल्या फळांतून रोपे आपोआप उगवतात. फुकटची रोपे पाहून मोह होतो. तो टाळावा.

तेलपामाचे तीन प्रकार आहेत. ड्युराची करवंटी जाड, गर कमी. पिसिफेराला करवंटीच नसते, पण त्याचे घड बहुधा पिकण्यापूर्वीच वाया जातात. या दोघांचा संकर तो टेनेरा. करवंटी पातळ, गर भरपूर. लावायचा तो हाच. पण टेनेरा बागेतले बी पेरले, तर शंभर रोपांत साधारण पन्नासच टेनेरा निघतात. पंचवीस ड्युरा आणि पंचवीस पिसिफेरा. काँगोमधील संशोधकांनी १९४१ साली हा नियम मांडला. हेक्टरी १४३ झाडे धरली, तर सुमारे ३५ झाडे खत-पाणी घेऊन जवळजवळ काहीच देणार नाहीत आणि तितकीच कमी तेलाची निघतील. संकरित कापसाची सरकी पुन्हा पेरली तर काय होते, हे आपण जाणतोच.

रोपाकडे पाहून प्रकार ओळखता येत नाही. फळ कापल्यावर कळते, तोवर तीन-चार वर्षे गेलेली असतात. ज्वारीचे बी फसले तर एक हंगाम बुडतो. तेलपामाचे फसले तर पाव शतक.

म्हणून एवढे करा:

१. रोपे मान्यताप्राप्त रोपवाटिकेतूनच घ्या. बी कोणत्या बीजोद्यानातले, हे पावतीवर लिहून घ्या. बाग आहे तोवर पावती सांभाळा.

२. सुमारे वर्षाचे, निरोगी रोप निवडा. खुरटे किंवा शेलाटे वाढलेले रोप परत करा.

३. सगळी बाग एकदम मोडू नका. निम्मी आधी, उरलेली नवी झाडे घड देऊ लागल्यावर. मोकळ्या ओळींत मका, भाजीपाला, केळी घ्या. मात्र रोपांवर सावली पडू देऊ नका.

४. २०२१ साली मंजूर झालेल्या केंद्राच्या तेलपाम अभियानात जुन्या बागेच्या पुनर्लागवडीसाठी दर रोपामागे २५० रुपये साहाय्य ठरले होते. कुऱ्हाड लावण्याआधी फलोत्पादन कार्यालयात चौकशी करा.

शेवटी एक सांगणे. मधल्या तीन-चार वर्षांचा घरखर्च, शाळेची फी, ठरलेले लग्न, सारे कागदावर मांडा. हा हिशेब एकट्याने करू नका. घरच्या लक्ष्मीला शेजारी बसवून करा.